दिलरुब्याची डबी

सासूबाईंनी डोळे मिटले, गज तारेवर ठेवला आणि पहिला सा लावला. त्याबरोबर देवळाच्या मंडपातल्या दोन्ही कर्ण्यांतून एक पुरुषी आवाज अगदी स्पष्ट आणि सावकाश बोलू लागला, "शेतकरी बंधूंनो, हळदीच्या पानांवर तपकिरी ठिपके दिसू लागले, तर तो करपा समजावा."

तालमीला मंडपात पंधरा-वीस माणसं असतील. काय झालं ते आधी कुणालाच कळलं नाही. मग सतरंज्या अंथरणारे दोघे हसले, त्यांच्यामागून बाकीचे, आणि शेवटी उत्सव समितीचे अध्यक्ष अण्णा मगदूम पोट धरून हसायला लागले. सासूबाईंनी गज उचलला, तरी आवाज थांबेना. करप्यावर कुठलं औषध, ते पाण्यात कसं मिसळायचं, वारा कुठला असताना फवारायचं, सगळं साग्रसंगीत चालू राहिलं. सासूबाईंनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मी धडपडत जाऊन वायर उपटली, तेव्हा कुठे तो गृहस्थ गप्प झाला.

सासूबाईंनी दिलरुब्याला खोळ घातली, तिची नाडी नीट बांधली आणि मला म्हणाल्या, "वृंदा, घरी चल."

 दारात चपला काढताना म्हणाल्या, "मी नाही वाजवणार. अण्णांना तसा निरोप दे."

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. या गोष्टीला आता तीस-बत्तीस वर्षं होऊन गेली. मिरजेच्या कडेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे आमचं छोटं बैठं घर होतं, मागे परस. सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. माझा नवरा शिवानंद औषध कंपनीत फिरतीवर, महिन्यातले तीन आठवडे सोलापूर, विजापूर, गुलबर्गा. त्यामुळे घरात मी आणि सासूबाई, गिरिजाबाई सदलगे. फार कमी बोलायच्या. रागीट म्हणून नव्हे, शब्द त्यांना लागतच नसत. आमटीत मीठ कमी पडलं तर मिठाची बरणी माझ्यासमोर आणून ठेवायच्या, बस्स. मला त्यांची भीती वाटायची असं नाही, पण आपण या घरात अजून पाहुणीच आहोत, हे काही मनातून जात नव्हतं.

रोज दुपारी चहाच्या आधी त्या आतल्या खोलीचं दार लावून घेत आणि दिलरुबा वाजवत. दिलरुब्याला सतारीसारखे पडदे असतात, पण तो वाजवायचा गजाने, सारंगीसारखा. आवाज मात्र अगदी नाजूक. कुणी आपल्याच नादात मिटल्या तोंडाने गुणगुणावं तसा. मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून ऐकत असे. एकदा धीर करून विचारलं, आई, नवरात्रात देवळात तुम्ही का वाजवत नाही? त्या म्हणाल्या, कुणाला ऐकू जाणार आहे. मी म्हटलं, मी सोय करते. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता त्या आपणहून "बरं" म्हणाल्या. मी त्याच संध्याकाळी अण्णांकडे जाऊन सप्तमीचा कार्यक्रम पक्का करून आले.

सोय करणं माझ्या हातातलं होतं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, एका खाजगी तंत्रशाळेत शिकवत होते. दिलरुब्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ चिकटवायची एक चकती आणि तिने टिपलेली कुजबुज मोठी करून कर्ण्याकडे पाठवणारं एक लहानसं सर्किट, एवढंच ते काम. सर्किट मी साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं. घरी उत्तम चाललं. पण देऊळ गावाबाहेर, आणि देवळामागच्या मळ्यांच्या पलीकडे रेडिओचा उंच मनोरा. प्लॅस्टिक काही रेडिओच्या लहरी अडवत नाही. माझं सर्किट दिलरुब्याआधी रेडिओच ऐकत होतं.

उपाय मला ठाऊक होता, सर्किट चहूबाजूंनी धातूत बंद करायचं. दुसऱ्याच दिवशी मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून देवळात लावून पाहिलं. रेडिओ गेला, पण वायर आखूड ठेवायची म्हणून डबा वाद्यालाच बांधलेला, त्यामुळे हाताने तार छेडली की पत्रा थरथरायचा आणि प्रत्येक सुरामागे कुणी झांज वाजवतंय असं वाटायचं. जाड, जड, ओतीव डबी हवी होती. तशा डब्या मुंबईच्या बाजारात मिळायच्या. पण मुंबईला जाणार कोण, आणि नवरात्र तर दाराशी आलेलं.

अण्णांना निरोप मी दिला नाही. तो दिला की संपलंच असतं. डबी घरी ओतायची असं मी ठरवलं.

माझे वडील कोल्हापुरात एका कारखान्याच्या ओतकाम खात्यात फोरमन होते. सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलच्या दांडीवर बसवून तिथे नेत. काळ्या वाळूचा ओलसर वास, साच्यात पडणारा लाल रस, मग सगळ्यांनी धरलेला श्वास, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पाहिलं होतं खूप, हाताने केलं मात्र कधीच नव्हतं. पण अॅल्युमिनियम लोखंडासारखं हट्टी नसतं, कोळशाच्या भट्टीत वितळतं, एवढं माहीत होतं. मी एका जुन्या लोखंडी बादलीला आतून भट्टीच्या मातीचा जाड लेप दिला, खालून भोक पाडून नळी बसवली. नळीला लावायला हाताने फिरवायचा पंखा लोहाराकडून मागून आणला. धातू वितळवायची मूस म्हणून जाड लोखंडाचं एक भांडं घेतलं. कृष्णेची बारीक वाळू चाळून तिच्यात चिकणमाती मिसळली. डबीचा आणि झाकणाचा लाकडी नमुना तासून काढला. वाळूतून तो अलगद सुटावा म्हणून त्यावर शिवानंदच्या दाढीनंतरची पावडर भुरभुरवली. अर्धा डबा संपला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होत्या.  मोडीत द्यायला काढून ठेवलेली अॅल्युमिनियमची दोन गळकी पातेली मी मागितली, तेव्हा म्हणाल्या, "घे."

पहिल्या खेपेला मी एकटीच होते. पंखा फिरवायचा, कोळसा घालायचा, मूस बघायची, सगळं दोनच हातांनी. पातेली वितळली खरी, पण मी पंखा सोडून चिमटा घेऊन साच्यापाशी पोचेपर्यंत रस थंडावला होता. ओतला, तो वाटेतच गोठला. दुसऱ्या दिवशी सकाळी साचा फोडला, तर आत निम्मीच डबी आणि तीही उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी. मी ती हातात घेऊन पायरीवर बसले. सासूबाई बाहेर आल्या, माझ्या हातातला तो गोळा त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"दोन्ही पातेल्यांचं एवढंच झालं होय?"

"हो."

"मोडीत एखादी वाटी तरी आली असती," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मला हसू आलं, मग त्याच हसण्यात एक गोष्ट आठवली. वडिलांच्या कारखान्यात भंगाराचे ढीग असत, पण त्यात स्वयंपाकाची भांडी कधी नसत. गाड्यांचे सुटे भाग असत. भांड्यांचं अॅल्युमिनियम ठोकायला, वाकवायला मऊ. पण साच्याच्या कानाकोपऱ्यात धावायचं ते त्याला जमत नाही. ओतायचं तर आधीच एकदा ओतलेला धातू हवा. तंत्रशाळेच्या समोरच्या गॅरेजमधून मी स्कूटरचे झिजलेले पिस्टन पिशवी भरून आणले. वाळू नव्याने मळली, पाणी कमी घातलं. साच्यात ओल जास्त राहिली तर वाफ होऊन उकळता रस अंगावर उडतो, हे वडिलांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की ते विसरायची सोयच नव्हती. गॉगल लावला, शिवानंदचे जुने बूट घातले.

राहिला प्रश्न पंख्याचा. शेजारच्या कुलकर्णी वहिनींना विचारलं, तर त्यांनी नुसत्या बादलीकडे बघूनच मान हलवली. शिवानंद विजापुरात. मी कोळसा पेटवला आणि आता कसं करावं म्हणून उभी होते, तोच मागून आवाज आला, "सरक."

सासूबाईंनी पदर खोचला होता. पायांत शिवानंदचे कॅनव्हासचे पांढरे बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. नऊवारीखाली ते बूट बघत मी बाजूला सरकले. त्या पाटावर बसल्या आणि त्यांनी पंख्याचा दांडा हातात घेतला.

"किती जोरात?"

"एकसारखा. जोर नको, पण खंड नको."

त्यांनी मान डोलावली आणि फिरवायला लागल्या. काय एकसारखा हात होता त्यांचा. कोळसे आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे झाले. मुशीत पिस्टन अजून तसेच होते. वितळायला वेळ लागतो, आणि त्या वेळात दोन माणसं समोरासमोर बसलेली असली की कधीतरी बोलणं निघतं. आमच्या घरात ते पहिल्यांदाच निघालं.

त्यांनी सांगितलं, त्यांचे वडील जमखंडीला शाळेत गाण्याचे मास्तर. मुलीला त्यांनी दिलरुबा शिकवला. एकोणिसाव्या वर्षी गावच्या जत्रेत त्यांचा कार्यक्रम ठेवला. नवं लुगडं, गजरा, सगळं झालं. त्यांनी डोळे मिटून आलाप सुरू केला.

"आणि डोळे उघडले तेव्हा समोर वडील, तबलजी आणि गुरवाची म्हातारी. मागच्या रांगांतली माणसं एकेक करून उठून गेली होती. मी आलापात होते, मला कळलंच नाही."

मी भट्टीत चार कोळसे घातले.

"वाईट नव्हती हां माणसं," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकूच येत नव्हतं. बसून काय करतील? पण तेव्हापासून मी दार लावूनच वाजवलं."

"मग या वेळी हो का म्हणालात?"

त्यांचा हात थांबला नाही. "तुझ्या सासऱ्यांनी मला कधी वाजवू नको म्हटलं नाही. वाजव असंही म्हटलं नाही. शिवाचंही तेच. तू म्हणालीस, मी सोय करते." त्यांनी खंड न पाडता दांडा दुसऱ्या हातात घेतला. "सोय करते असं मला कुणी म्हटलं नव्हतं."

धुराने म्हणा, गॉगल आतून धुरकट झाला. मी तो काढून पुसला.

"आणि अण्णांना निरोप दिला नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

मी चपापले. "तुम्हांला कसं कळलं?"

"दिला असतास तर समजूत काढायला दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले असते. तो माणूस स्वस्थ बसणाऱ्यातला नाही."

पिस्टन खाली बसले होते. एकदा ते बसायला लागले की मग पटापट वितळतात. मुशीत चांदीसारखा रस हलायला लागला, त्यावर राखाडी साय. मी लोखंडी पळीने साय काढली. चिमट्याने मूस उचलली, साच्याच्या भोकावर धरली आणि तिरपी केली. रस पडायला लागला तोच साच्याच्या कडेने एक पिवळी ज्योत भसकन वर आली. वाळूतला वायू पेटतो, घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. लहानपणी मी ती शंभरदा पाहिली होती. पण तेव्हा मूस माझ्या हातात नव्हती. माझा हात आखडला, धार बारीक झाली.

"थांबू नको," मागून सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "गज एकदा लावला की मध्येच उचलायचा नाही. ओत."

मी ओतलं. धार पुन्हा भरली आणि साच्याच्या दुसऱ्या भोकातून रस वर येऊन चकाकला. म्हणजे आत सगळीकडे पोचला होता. मी मूस खाली ठेवली. सासूबाईंनी आतून माठातलं पाणी आणून दिलं. दोघी पायरीवर बसून ते प्यायलो, बूट न काढता.

साचा फोडला तेव्हा वाळूतून डबी निघाली, तिच्याबरोबर झाकण. खडबडीत, करडी, कोपऱ्याला एक पुटकुळी. पण पूर्ण होती. सासूबाईंनी ती गार झाल्यावर हातात घेतली, कानाशी नेली आणि नखाने टिचकी मारली.

"बद्द वाजते," त्या म्हणाल्या. मला वाटलं, नापसंत झाली. "बरं आहे. आपल्या सुरात लुडबुड करणार नाही."

घासून, भोकं पाडून, आत सर्किट बसवून झाकणाचे स्क्रू आवळले आणि संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाच्या वेळेला मी एकटीच देवळात गेले. कर्णे लावले, डबी जोडली. काही नाही. बटण आणखी फिरवलं. तरी काही नाही. मला शंका आली की यंत्रच बंद पडलं. चकतीवर बोट आपटलं, तर मंडपभर "ठक्" असा आवाज घुमला आणि कळसावरची कबुतरं उडाली. मी तिथेच सतरंजीवर बसले आणि एकटी हसत सुटले. पुजारी येऊन बघून गेला.

घरी जाऊन सांगितलं. सासूबाई "बघू" म्हणाल्या. सप्तमीच्या दुपारपर्यंत त्या तेवढंच म्हणत होत्या. मग मी शाळेतून आले तेव्हा पलंगावर हिरवं इरकली लुगडं काढून ठेवलेलं दिसलं. मी चहा टाकला.

मंडप भरला होता. बायका पोरं घेऊन आलेल्या, म्हातारे खांबांना टेकलेले, मागे उभी असलेली तरुण मंडळी गप्पांत रंगलेली. अण्णांनी ओळख करून देताना वाद्याचं नाव दोनदा चुकीचं सांगितलं. सासूबाई बसल्या, डबी दिलरुब्याच्या बाजूला पट्टीने बांधलेली. मी मंडपाच्या कडेला बटणाशी. त्यांनी यमनाचा आलाप सुरू केला, आणि तो आतल्या खोलीतला, भिंतीला पाठ लावून मी ऐकायची तो आवाज, तसाच नाजूक, पण सगळीकडे एकदम पसरला. चपला ठेवायच्या जागेपर्यंत. मागच्या गप्पा कमी होत होत थांबल्या.

आणि मग मागच्या रांगांतली माणसं उठायला लागली.

आधी दोघेजण, मग चार बायका, मग एक अख्खी रांग. सासूबाईंचे डोळे मिटलेले नव्हते. या खेपेला त्यांनी ते उघडेच ठेवले होते, आणि त्यांनी ती माणसं उठताना पाहिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. सूर एकदम बारीक झाला, तुटायला आलेल्या धाग्यासारखा. बटण वाढवावं म्हणून माझा हात गेला आणि तिथेच राहिला. ते काम बटणाचं नव्हतं.

त्यांनी गज उचलला नाही.

उठलेली माणसं दाराकडे वळली नाहीत. खांबांना वळसा घालून, बसलेल्यांच्या मधून वाट काढत ती पुढे आली आणि थेट सासूबाईंच्या समोर, जमेल तिथे, उघड्या फरशीवर बसली. मागे खांब आड येत होते. एवढा आवाज येतोय तो कशातून येतोय, हे त्यांना बघायचं होतं. एका बाईने कडेवरच्या पोराला बोटाने दाखवलं, ते बघ, तिकडे. सासूबाईंनी हे सगळं पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले, आणि पुढचा जवळजवळ तासभर ते काही उघडले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर बायका पाया पडायला आल्या. अण्णा नारळ आणि शाल घेऊन आले आणि डबीकडे वाकून बघत म्हणाले, "वहिनी, हे यंत्र पुण्याहून मागवलंत का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या परसात ओतलं. आम्ही दोघींनी."

मी वायर गुंडाळत होते. गुंडाळून झालेली वायर मी पुन्हा सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळत बसले, कारण मला मान वर करायची नव्हती.

दसरा झाला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एक सतारमेकर, रियाझभाई, पत्ता विचारत घरी आले. देवळात त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या एका गिऱ्हाइकाला सतारीसाठी तशीच डबी हवी होती, जमलं तर आणखीही दोन-तीन. मी म्हटलं, अहो, तो काही माझा धंदा नाही, शाळा असते, घर असतं, एकदाच केलं आपलं, नडलं होतं म्हणून. रियाझभाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला.

"भाऊबीज झाली की या. करून ठेवतो."

रियाझभाई खूश होऊन गेले. मी दार लावून आत आले तर स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. परसात गेले. पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधून सासूबाई चाळण घेऊन बसल्या होत्या, पुढ्यात वाळूचा ढीग, हात एकसारखा हलतोय. माझी चाहूल लागली तरी त्यांनी वर पाहिलं नाही.

"उभी काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "मूस काढ."